नटसम्राटाच्या ढंगात बोलणारा म्हातारा लिहायचाय, पण गॅदरिंगचा वास येतोय

गिरणाकाठ (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९.१२

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय आणि ती मधोमध अडकलीये. नायक जिभाऊ. वय सत्तरीच्या पुढे, उभं आयुष्य वरखेडीच्या गुरांच्या बाजारात दलालीत गेलं. शेत मुलाच्या नावावर करून दिलंय, बायको गेली, आता जळगावात मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. मुलगा-सून वाईट नाहीत, फक्त त्यांना वेळ नाही. एका रात्री लाईट जाते आणि म्हातारा बोलायला लागतो. कथेचा सगळा भार त्या बोलण्यावर आहे.

ते बोलणं मला 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेब बेलवलकरांच्या वळणाचं हवंय. एक तुकडा लिहिला, मित्राला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "हे कॉलेजच्या गॅदरिंगमधलं वाटतं रे." तुम्हीच बघा:

"हे अंधारा! ये, असा समोर ये! ज्यानं हजारो बैलांच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांचं भवितव्य ठरवलं, तो हा जिभाऊ आज... आज एका खुर्चीत कोंडला गेलाय! अरे दैवा, कुठे गेले ते दिवस? कुठे गेली ती माणसं? सांगा... कुणीतरी सांगा, मी कोण आहे?"

एखाद्या पात्राचा ढंग घ्यायचा आणि तरी नक्कल वाटू द्यायची नाही, हे कसं साधतात? की मुळात हा नादच सोडावा?

---

आउटर_सिग्नल · रात्री ९.२०

शेवटच्या ओळीवर निळा लाईट, पाठीमागे बासरी आणि परीक्षक एकमेकांकडे बघून चहा सांगतात.

(गंमत केली भाऊ. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मोठे लोक येतीलच.)

---

खडूफळा · रात्री ९.४८

गिरणाकाठ, तुम्ही आप्पासाहेबांचे कपडे आणलेत, माणूस बाजारातच राहिला.

एक साधा प्रश्न विचारते. आप्पासाहेब असं भरजरी का बोलतात? ते नट आहेत म्हणून. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तोंडात घोळवलेला माणूस आहे तो. घरात अपमान झाला की त्याच्याकडे स्वतःचे शब्द नसतात, भूमिकांचे असतात. म्हणून दुःख झालं की तो नाटकातलं बोलतो, आणि नाटकातलं बोलतो म्हणून घरच्यांना ते दुःख खरं वाटत नाही. शोकांतिका त्याच्या भाषेतच दडलेली आहे. शिरवाडकरांनी 'किंग लिअर'चा सांगाडा घेतला हे सगळ्यांना माहीत आहे. राजाच्या जागी नट बसवला, ही खरी करामत. राजानं भव्य बोलावं यात नवल नाही, पण पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्यानं लेकीच्या दिवाणखान्यात तसं बोललं की ऐकणारा एकाच वेळी भारावतो आणि अवघडतो.

आता तुमचा जिभाऊ. तो "हे अंधारा" कुठून शिकला? त्यानं आयुष्यात कधी अंधाराला हाक मारली असेल का? त्याच्या तोंडात भव्यता हवी असेल तर ती त्याच्या धंद्यातून आली पाहिजे. गुरांचा दलाल म्हणजे बोलण्यावर जगलेला माणूस. त्याच्याकडे त्याचं स्वतःचं 'नाटक' असणारच. ते काय होतं, ते आधी शोधा.

---

पिलबाग · रात्री ९.५५

खडूफळा ताईंशी शंभर टक्के सहमत. वाचनखूण साठवली.

---

पडद्यामागचा · रात्री १०.३१

मी हौशी नाटकवाल्यांसोबत प्रकाशयोजना करतो, राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर बऱ्याचदा असतो. तिकडचं निरीक्षण सांगतो.

एखादा पोरगा आप्पासाहेबांचं स्वगत घेऊन उभा राहिला की पहिल्या दोन ओळींत कळतं की तो डॉ. लागूंची किंवा सिनेमातल्या नानांची नक्कल करतोय. तो वाक्याची उंची पकडतो, पण खाली उतरायच्या जागा गाळतो. आप्पासाहेब आभाळाएवढं बोलता बोलता एकदम जमिनीवर येतात. थंडी वाजते, पाय दुखतात, सरकारांच्या, म्हणजे बायकोच्या, गोळ्यांची आठवण होते. ती उतरण्याची जागा सापडली नाही की नुसता आरडाओरडा राहतो.

शेक्सपिअरला हे पक्कं ठाऊक होतं. लिअर शेवटी मेलेल्या लेकीला कवेत घेऊन एकच नकार पाच वेळा उच्चारतो. त्यापेक्षा मोठं बोलणं होऊच शकत नाही. आणि लगेच पुढे काय, तर शेजारच्या माणसाला सांगतो, जरा ही गुंडी सोड बाबा. वर आभार मानतो! माझ्या मते सगळी शोकांतिका त्या गुंडीत आहे.

तुमच्या तुकड्यात गुंडीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज एकाच पट्टीत.

दुसरं म्हणजे रंगमंचावर नट श्वास घेतो, थांबतो, पाठ फिरवतो. कागदावर त्यातलं काही नाही, म्हणून लेखक टिंबं टाकत सुटतो. तुमच्या पाच ओळींत तीन उद्गारचिन्हं आणि दोन वेळा टिंबं आहेत. ती सगळी काढा आणि मग उरतं का बघा.

---

तापीतीर · रात्री १०.५०

जरा उलट बोलू का?

हल्ली सगळ्यांना साधं, कोरडं, हळू आवाजातलं लिहायचंय. शोकांतिकेतला माणूस मोठ्यानं का बोलू नये? गडकऱ्यांचा सुधाकर काय पुटपुटतो का? 'एकच प्याला'त अनुप्रास आहेत, कोट्या आहेत, उपमांवर उपमा चढवलेल्या आहेत, आणि शंभर वर्षांनंतरही लोक त्यासाठीच नाटक बघतात. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक त्यानंतर फेब्रुवारीत गंधर्व मंडळींनी बडोद्याला रंगभूमीवर आणलं. लेखक हयात नसतानाही त्या भाषेच्या जोरावर प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं.

धागाकर्त्यांचा तुकडा वाईट आहे हे मान्य. पण तो मोठ्यानं बोलतो म्हणून वाईट नाही. त्यात नाद नाही म्हणून वाईट आहे. "कुठे गेले ते दिवस, कुठे गेली ती माणसं" हे कुणीही म्हणेल. मोठ्यानं बोलायचंच तर नवं बोलावं लागतं.

---

खडूफळा · रात्री ११.०४

तापीतीर, नादाबद्दल वाद नाही. पण सुधाकर मोठ्यानं बोलतो तेव्हा काय करत असतो, तेही बघा ना.

सुधाकर वकील आहे. सनद रद्द झाल्यावर तो प्यायला लागतो. आणि पुढे रामलालसमोर व्यसनाच्या अवस्था मांडतो, तेव्हा कसा बोलतो? कोर्टात केस चालवल्यासारखा. पहिली पायरी, मग दुसरी, प्रत्येक पायरीला दाखला, प्रतिपक्षाचा आक्षेप स्वतःच उभा करायचा आणि स्वतःच खोडायचा. वकिली गेली पण वकिली जीभ राहिली, आणि ती आता तो स्वतःच्याच विरुद्ध चालवतो. आपण सुटू शकत नाही हे तो इतक्या बिनतोड सिद्ध करतो की ऐकणाऱ्या मित्राला उत्तर सुचत नाही. अलंकार त्या युक्तिवादाच्या अंगावर आहेत. नुसते अलंकार उचलले की गडकऱ्यांची वाईट नक्कल होते, आणि तशी नक्कल आपल्याकडे दोन पिढ्या चालली.

म्हणजे बघा, आप्पासाहेब नट म्हणून भूमिकांत बोलतात, सुधाकर वकील म्हणून युक्तिवादात. दोघांचाही धंदा सुटलाय आणि बोलण्यात तेवढा शिल्लक आहे.

---

तापीतीर · रात्री ११.१०

वकिलाचा मुद्दा मला सुचला नव्हता. घेतो.

पण नादाचं मी सोडत नाही हां.

---

दोनदाती · रविवार, सकाळी ७.१५

सकाळी सकाळी धागा वाचला. माझे आजोबा याच धंद्यात होते, त्यामुळे मूठभर माहिती टाकतो. उपयोग झाला तर बघा.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली किंवा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरतो. बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकड्यात की हजारात, ते जनावर बघून दोघांनाही कळलेलं असतं. तोंडानं मात्र वेगळंच चालू असतं: "पाऊस कसा आहे तुमच्याकडे", "पोरीचं जमलं का". आजूबाजूला पन्नास माणसं उभी असतात, पण कुणाला काही समजत नाही. मग एकदम टॉवेल झटकला की सौदा झाला.

आजोबांचा हात बघितलाय मी. झोपेतसुद्धा बोटं हलायची.

वय दातांवर. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. जुळला की पुढे वय नीट सांगता येत नाही, मग दात किती घासलेत ते बघायचं. आणि तिथेच खोटं बोलायला वाव असतो.

आणखी एक गोष्ट. दलाल दोन्ही बाजूंनी बोलतो. विकणाऱ्याला सांगतो, "बाबा, म्हातारं झालंय, सोडून दे", आणि घेणाऱ्याला सांगतो, "अजून चार वर्षं ओढेल". दोन्ही वाक्यं एकाच श्वासात आणि दोन्ही खरी वाटतात.

---

खडूफळा · सकाळी ७.४०

गिरणाकाठ!! मिळालं तुमचं नाटक. दोन्ही बाजूंनी बोलणारा माणूस. सुधाकराला गडकऱ्यांनी कोर्ट दिलं, तुम्हाला दोनदातींनी टॉवेल दिलाय.

---

आउटर_सिग्नल · सकाळी ८.०२

मी गंमत करायला आलो होतो, आता थांबूनच घेतो.

एक शंका: जळगावातल्या फ्लॅटमध्ये लाईट गेली की इन्व्हर्टर लागतो. अंधार होणारच नाही तुमच्या म्हाताऱ्याला.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता) · सकाळी ९.३३

इन्व्हर्टरची बॅटरी गेलेली दाखवतो. तेवढं चालतं.

दोनदाती भाऊ, तुमचे उपकार. खडूफळा ताई, पडद्यामागचा, तुमचं पटतंय, पण एका ठिकाणी अडतो. आप्पासाहेब स्वतःचा उल्लेख नावानं करतात, "मी"च्या ऐवजी एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल बोलल्यासारखा. मला ते फार आवडतं आणि ते मला सोडायचं नाहीये. ते तरी उचलता येईल का?

---

पडद्यामागचा · सकाळी १०.१०

येईल. पण त्याला कारण द्या. नट स्वतःचं नाव घेतो, कारण त्याचं नाव जाहिरातीच्या बोर्डावर होतं. दलालाचं नाव कशावर असतं?

---

दोनदाती · सकाळी १०.२५

जबानीवर. आजोबा कायम म्हणायचे, अमुक दलालानं सांगितलं म्हणजे सांगितलं. बाजारात नाव हीच हमी. पावती कुठे असते?

---

बोरीकाठची · सकाळी १०.५८

अमळनेरहून. सगळे इतके गंभीर झालेत म्हणून विषय थोडा बाजूला नेते.

हा जिभाऊ प्रमाण मराठीत का बोलतोय? भरल्या घरात अंधारात बसलेला वरखेडीचा म्हातारा "भवितव्य" म्हणेल? तो असं म्हणेल: "आते मन्हं काय काम शे आठे?" त्या एका ओळीत तुमचा अख्खा पॅरा बसतो.

'सरकार'चंही तसंच. आप्पासाहेबांनी बायकोला सरकार म्हणावं, ते नाटकवाल्याला शोभतं. आमच्याकडचा माणूस बायकोला नावानंही हाक मारत नाही, "ऐकस का" म्हणतो नाहीतर "पोऱ्यानी माय" म्हणतो.

---

तापीतीर · सकाळी ११.१२

बोलीबद्दल अर्धवट सहमत. पण सगळं स्वगत अहिराणीत लिहिलं तर पुण्या-मुंबईचा वाचक दुसऱ्या ओळीत पळेल. दिवाळी अंक कुठला आहे माहीत नाही. शिवाय खान्देशातली बोली म्हणजे एकच का? जामनेरकडे तावडी, यावल-रावेरला लेवा, धुळ्याकडे अहिराणी. चुकीची ओळ टाकली की आपलेच लोक पत्र लिहितात.

---

बोरीकाठची · सकाळी ११.२०

पळू द्या की. आम्ही नाही का संगीत नाटकातली सगळी संस्कृतप्रचुर पदं समजून घेत बसलो आयुष्यभर?

---

खडूफळा · सकाळी ११.४५

बोलीचं ठरवताना मीटर एकच ठेवा, माणूस कुणाशी बोलतोय. गिऱ्हाइकाशी दलाल जरा चढ्या भाषेत, बाजारू मराठीत बोलतो. घरच्यांशी अहिराणीत. तुमचा म्हातारा रात्री मुलाशी बोलताना कुठल्या भाषेत बोलतो यावरूनच कळेल की तो मुलाला मुलगा समजतोय की गिऱ्हाईक. ही सोय नटसम्राटात नव्हती, तुम्हाला आयती मिळतीये.

आणि हो, स्वगतात समोर माणूस ठेवा. वादळाशी बोलायचा हक्क लिअरला आणि आप्पासाहेबांना, दोघांनीही घरदार गमावून उघड्यावर येऊन तो कमावलाय. तुमचा जिभाऊ छपराखाली आहे, त्याला वेळेवर जेवायला मिळतं. त्याच्यासमोर माणूस असेल, आणि त्या माणसाला ऐकायचं नसेल, तर पुरे. शिरवाडकरांची कावेरी आठवा. नवऱ्याचं बोलणं आभाळात गेलं की ती औषध, सामान, पोरांचं घर यावर आणते. कावेरी गेल्यावर त्यांना जमिनीवर आणणारं कुणी राहत नाही, आणि मग ती स्वगतं अंगावर येतात. समोरचं कोरडं उत्तर लिहिल्याशिवाय मोठ्या वाक्याची उंची कळत नाही.

---

पिलबाग · दुपारी १२.३०

मी वाचकच आहे, लिहीत नाही. पण केळीचं वादळात नुकसान झालं त्या वर्षी आमच्या शेजारचे अण्णा तलाठ्यासमोर उभे राहून जे बोलले, ते मी अजून विसरलो नाही. "हे एक, हे दोन, हे तीन" करत पडलेली झाडं मोजत होते, पंचनाम्यासाठी. पंचेचाळीसपर्यंत आवाज अगदी साधा, रेशनची यादी वाचल्यासारखा. मग म्हणाले, "पुढची तुम्ही मोजा साहेब, मला आकडे येत नाहीत." आणि ते बीएस्सी झालेले आहेत.

इथं चर्चा चाललीये तसलंच काहीतरी वाटलं म्हणून लिहिलं.

---

पडद्यामागचा · दुपारी १२.४१

पिलबाग, लिहीत नाही असं म्हणू नका. ही "गुंडी" आहे.

---

कायदा_काकू · दुपारी २.०५

सगळे साहित्यात रमलेत, मी रुक्ष मुद्दा टाकते. ढंग, लय, बोलण्याची पद्धत यावर कुणाचा हक्क नसतो. प्रत्यक्ष वाक्यांवर असतो. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांची वाक्यं तुम्ही परवानगीशिवाय कथेत पेरू शकत नाही. गडकऱ्यांचं लेखन कधीच मोकळं झालंय. तेव्हा जिभाऊच्या तोंडी ते प्रसिद्ध 'घर' मागणं वगैरे आणण्याचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या. उल्लेख करायला हरकत नाही.

---

आउटर_सिग्नल · दुपारी २.११

काकू, घर तर त्याला आहेच. तीच तर पंचाईत आहे.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता) · रात्री ८.५०

दुपारभर बसलो. जुना तुकडा अख्खा काढला. आता मुलगा गॅलरीत सिग्नलसाठी मोबाईल घेऊन आलाय, खाली सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता चालू आहे, आणि म्हातारा त्याला बसायला सांगतो:

"बस. लाईट आली की जा. हात दे इकडे. असा नाही, टॉवेलाखाली. वरून काही बोलायचं नाही, बाजार ऐकतो. बोलायचंच तर पावसाचं बोल.

आता समज, जनावर म्हातारं आहे. जुळलेलं. दात घासलेत, ते मी आधीच सांगतो, जिभाऊनं उभ्या बाजारात कधी वय चोरलं नाही. एकदा खांदा आला होता, बरा झाला. लात मारत नाही. कुणी ओरडलं तर कान पाडतं, बास. खातं किती? दोन पोळ्या. रात्री एकच. बांधायला जागा किती? खुर्चीएवढी.

तू म्हणशील, कामाचं काय? बरोबर आहे तुझं. गिऱ्हाइकानं विचारलंच पाहिजे. काम नाही. ओढत नाही, वाहत नाही. मी तुझ्या जागी असतो तर म्हटलं असतं, जिभाऊ, हे कशाला गळ्यात मारतो? पण दावणीला एक म्हातारं असलं की बाकीची जनावरं शांत राहतात. हे पुस्तकात नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

तर बोल. धर बोट.

अरे, जोरात धर. गिऱ्हाईक असा हात धरत नाही."

मुलगा म्हणाला, "आप्पा, उद्या सकाळी बोलू ना. माझा कॉल आहे."

"पाऊस कसा आहे तुमच्याकडे?" जिभाऊ म्हणाले.

---

पिलबाग · रात्री ८.५८

🙏

---

बोरीकाठची · रात्री ९.०३

अहिराणीची एकही ओळ नाही आणि तरी तक्रार करता येत नाहीये मला. मुलाला तो गिऱ्हाईक समजून बोलतोय, म्हणून बाजाराची मराठी. मानलं.

पण शेवटी एक ओळ घरच्या भाषेत येऊ द्या. मुलगा आत गेल्यावर. रिकाम्या खुर्चीला म्हणू द्या: "दात मोजीसन बैल लेतस, मानूसले काय मोजशी?"

---

पडद्यामागचा · रात्री ९.१५

बोरीकाठची, ओळ झकास आहे, पण तिथे नको. ती ओळ आली की वाचक डोलतो, टाळी पडते आणि मघाचं पावसाचं वाक्य मरतं. कथेत आधी कुठेतरी, बाजारातल्या प्रसंगात, तरुण जिभाऊच्या तोंडी थट्टेत टाका.

गिरणाकाठ, दोन ठिकाणी कात्री लावतो. "हे पुस्तकात नाही, बाजारात सगळ्यांना माहीत आहे" हे वाक्य काढा, तिथे जिभाऊ लेखकाच्या बाजूनं बोलतोय. आणि "कान पाडतं, बास" मधलं "बास" काढा. त्या शब्दानं वाचकाला इथे हळहळा असं सांगितल्यासारखं होतं.

---

तापीतीर · रात्री ९.२२

"बास" राहू द्या! दलाल असाच बोलतो. आणि लयीला तो ठोका लागतो. मोठ्यानं वाचून बघा: "कुणी ओरडलं तर कान पाडतं." लंगडं वाटतं. "कान पाडतं, बास." आता बसलं.

नाद, नाद म्हणत होतो तो हाच. "ओढत नाही, वाहत नाही" यातही आहे. आवाज चढवलेला नाही, पण आहे.

---

दोनदाती · रात्री ९.४०

म्हाताऱ्या जनावराचं खरं आहे. नवा गोऱ्हा आणला की पहिले काही दिवस जुन्या बैलाशेजारी बांधतात. ते वाक्य काढू नका, हवं तर "पुस्तकात नाही" एवढं काढा.

एक दुरुस्ती: सौदा मोडला की दलाल हात झटकत नाही, हळूच काढून घेतो. झटकला तर समोरच्याचा अपमान होतो, परत येत नाही तो. मुलगा उठून जातो तेव्हा कुणाचा हात कसा सुटतो ते दाखवा. आत्ता हात टॉवेलाखालीच राहिलाय.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता) · रात्री ९.५२

हाताचं लक्षातच आलं नव्हतं. लिहितो. म्हातारा स्वतःच काढून घेईल, हळू. कॉलवाल्याला एका हातानं मोबाईल धरणं अवघडच जात होतं.

"बास" ठेवतोय. तापीतीर यांच्यासाठी.

---

खडूफळा · रात्री १०.०६

मला आता एकच गोष्ट खटकते, आणि ती तुकड्याच्या बाहेरची आहे. तुमच्या सुरुवातीच्या निवेदनात "सून वाईट नाही, मुलगा वाईट नाही" अशा अर्थाचं काही कथेतही लिहिलं असेल तर काढून टाका. नटसम्राटाच्या कित्येक नकलांमध्ये पोरं राक्षस केलेली असतात, तुम्ही ते टाळलंत, छान. पण लेखकानं त्यांना प्रमाणपत्रही देऊ नये. नाटकातली नलू बापावर पैशांच्या चोरीचा संशय घेते, तो प्रसंग वाचा पुन्हा. ती वाईट आहे की घाबरलेली आहे, ते नाटककार सांगत बसत नाही. नट-नटी ठरवतात, आणि दर संचात वेगळं ठरतं. डॉ. लागूंचे आप्पासाहेब वेगळे, दत्ता भटांचे वेगळे, सतीश दुभाषींचे वेगळे. वाक्यं तीच. लिहिणाऱ्यानं एवढी जागा वाचकालाही ठेवावी.

---

गिरणाकाठ (धागाकर्ता) · रात्री १०.१४

लिहिलं होतं ताई. पहिल्याच पानावर. काढतो.

---

शेवग्याची_शेंग · रात्री ११.३०

उशिरा आले, सगळा धागा एका दमात वाचला. माझ्या एकांकिकेत उलटी अडचण आहे. माझी बाई 'एकच प्याला'तल्या सुधाकरच्या बायकोसारखी, सिंधूसारखी हवी, म्हणजे जवळजवळ बोलतच नाही, आणि तरी सगळं नाटक तिचं वाटलं पाहिजे. न बोलणाऱ्या पात्राचा ढंग कसा उचलायचा? सिंधूला निदान पदं आहेत, बालगंधर्व होते. माझ्याकडे धुळ्याची एक अकरावीतली मुलगी आहे आणि वीस मिनिटं.

---

आउटर_सिग्नल · रात्री ११.३४

ताई, नवा धागा काढा. इथं घुसलात तर तापीतीर तिलाही बोलायला लावतील.

---

तापीतीर · रात्री ११.३६

लावणारच. लिंक द्या.